बाळंतीण घरी जाण्याआधी : पीएनसी म्हणजे बाळंतपणानंतरच्या वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या सिस्टरसाठी

लेबर रूममध्ये सगळ्यांचं लक्ष बाईवर असतं. बाळ रडलं, वार पडली, टाके घालून झाले की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि बाईला ट्रॉलीवरून पीएनसी वॉर्डात आणून सोडतात. तिथे ड्यूटीवर असता तुम्ही. खाटा भरलेल्या, नातेवाइकांची गर्दी, पेढे वाटणं चाललेलं आणि एका कोपऱ्यात नुकतीच बाळंत झालेली, घामाने भिजलेली बाई. तिच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका आता आहे, या पहिल्या चोवीस तासांत. नवीन मुलींना मी पहिल्याच दिवशी हे सांगते, कारण वॉर्डातलं वातावरण नेमकं उलटं सांगत असतं.

नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे २०१८-२० मध्ये महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू होत होता. देशाचा आकडा ९७ होता. बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, म्हणून आपण इथवर आलो. पण बाई दवाखान्यात असते दोन दिवस आणि पुढचा सव्वा महिना घरी. घरी तिच्याजवळ बीपीचं मशीन नसतं, तुम्हीही नसता. तुम्ही सांगितलेल्यातलं जे लक्षात राहिलं, तेवढंच तिच्याजवळ असतं.

माझ्या सुरुवातीच्या वर्षातली एक बाई मी विसरलेले नाही. डिस्चार्जच्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं होतं. कागदावर लिहिलेले बारा मुद्दे, पाच मिनिटांत, घडाघडा. सहाव्या दिवशी ती अंगात सणसणून ताप, घाण वास येणारा स्राव आणि ओटीपोटात दुखणं घेऊन परत आली. तीन दिवस वास येत होता, पण "बाळंतिणीला वास येतोच" असं घरात सांगितलं गेलं, म्हणून ती गप्प राहिली. मी म्हटलं, "ताई, मी सांगितलं होतं ना?" ती म्हणाली, "सांगितलं होतं सिस्टर, पण तवा गाडी आली होती." ती बरी होऊन गेली. तेव्हापासून मी डिस्चार्जच्या दिवसासाठी काही शिल्लक ठेवत नाही. जिथे हात लावते तिथेच बोलते. पोट तपासताना पोटाबद्दल, पॅड बघताना पॅडबद्दल. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : बाई खाटेवर येताना

हँडओव्हर टेबलाजवळ घेऊ नका, खाटेजवळ घ्या. लेबर रूमच्या सिस्टरला विचारा : बाळंतपण किती वाजता झालं, वार पूर्ण पडली का, रक्त किती गेलं, टाके आहेत का, ऑक्सिटोसिनचं, म्हणजे गर्भपिशवी आकसवणारं, इंजेक्शन दिलं का, हिमोग्लोबिन किती, बीपीचा त्रास होता का, लघवी झाली का, बाळाला छातीशी लावलं का. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तिथल्या तिथे केसपेपरवर लाल पेनाने लिहा. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर आईला अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत मिळायला हवं, आणि शनिवार-रविवार मध्ये आला की हे ७२ तास कधी संपले ते कळत नाही.

ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच टिकतं. उन्हाळ्यात सकाळपासून ट्रेमध्ये पडून राहिलेल्या ॲम्प्युलवर विसंबू नका. आपली इमर्जन्सी ॲम्प्युल फ्रीजमध्ये आहे की नाही, हे ड्यूटी घेताना स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आणि हात. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून थेट बाळंतिणी तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने खाली आले. तेव्हा जंतू ही गोष्टसुद्धा नीट माहीत नव्हती. आपल्याला माहीत आहे, तरी गर्दीच्या दिवशी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर तेच ग्लोव्हज घालून जाणारी सिस्टर मी पाहिली आहे. तसं करू नका. पाणी नसेल तर सॅनिटायझर खिशात ठेवा.

दुसरी पायरी : पहिले दोन तास

दर १५ मिनिटांनी चार गोष्टी : नाडी, बीपी, गर्भपिशवी आणि रक्तस्राव. बाकी कुठल्याही कामाला या दोन तासांत "थांबा" म्हणता येतं, या कामाला नाही.

नाडीवर जास्त विश्वास ठेवा. रक्त जायला लागलं की आधी नाडी वाढते, बीपी बराच वेळ तग धरून राहतं आणि मग एकदम कोसळतं. नाडी ११० च्या वर गेली, बाई अस्वस्थ झाली, तहान-तहान करू लागली, हातपाय गार लागले, तर "बीपी बरं आहे" म्हणून समाधान मानू नका.

रक्त बघताना फक्त पॅड बघून पुढे जाऊ नका. बाई उताणी झोपलेली असते, रक्त खाली वाहतं आणि कमरेखाली साडीत, गादीत जाऊन साचतं. पॅड वरून जेमतेम भिजलेलं दिसतं. म्हणून तिला कुशीवर वळवा आणि कमरेखाली हात घालून बघा. नैसर्गिक बाळंतपणानंतर पहिल्या चोवीस तासांत ५०० मिलीलीटर किंवा जास्त रक्त गेलं तर तो अतिरक्तस्राव धरतात. पण जिचं हिमोग्लोबिन मुळातच ७-८ आहे, तिला त्याहून कमी रक्तही सोसत नाही. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनेच सांगितलं आहे. तेव्हा आकडा होईपर्यंत वाट बघायची नाही.

आता पिशवी. बाळंतपणानंतर लगेच ती साधारण बेंबीच्या पातळीला लागते आणि रोज सुमारे एक बोट खाली उतरते. दहा-बारा दिवसांनी पोटावरून हाताला लागत नाही. चांगली आकसलेली पिशवी हाताखाली नारळासारखी घट्ट लागते. भिजवलेल्या कणकेसारखी मऊ लागली तर धोका. ती बेंबीच्या वर आणि उजवीकडे सरकलेली लागली, तर आधी विचारा, "लघवी कधी झाली?" भरलेलं मूत्राशय पिशवीला आकसू देत नाही. कित्येकदा लघवी झाल्यावर रक्तस्राव आपसूक आटोक्यात येतो.

शिकवण्याचं पहिलं काम इथेच होतं, आणि ते मी असं करते. बाईचा हात धरते, तिच्याच बेंबीखाली ठेवते आणि म्हणते, "ताई, दाबून बघा. काय लागतंय?" बहुतेकजणी आधी घाबरून हात मागे घेतात, टाके आहेत, काही होईल असं वाटतं. मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवते. मग बोटांना तो गोळा लागतो आणि चेहऱ्यावर एकदम काहीतरी उमटतं. "गोळा हाय की!" "हीच तुमची पिशवी. अशी घट्ट राहिली पाहिजे. मऊ लागली तर अशी गोल-गोल चोळायची आणि मला हाक मारायची." आयुष्यभर या अवयवाबद्दल बाईने भीती आणि लाजेखेरीज काही ऐकलेलं नसतं. तिला तो पहिल्यांदा स्वतःच्या हाताला लागतो. रात्री दोन वाजता मी दुसऱ्या टोकाला इंजेक्शन देत असताना अशाच एकीने हाक मारली होती, "सिस्टर, गोळा मऊ झालाय." ती बरोबर होती.

रक्त जास्त जातंय असं दिसलं तर बाईला सोडून मदत आणायला पळू नका. तिथूनच ओरडून बोलवा. एक हात पिशवीवर ठेवून चोळत राहा, दुसऱ्या कुणालातरी डॉक्टरांना, इमर्जन्सी ट्रेला आणि १०८ ला लावा. लघवी काढा, सलाईनची सुई मोठी लावा, ऑक्सिटोसिन आणि पुढची औषधं प्रोटोकॉल आणि डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे. रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्सामिक ॲसिड द्यायचं ठरलं तर ते बाळंतपणापासून तीन तासांच्या आतच द्यायचं असतं, म्हणून बाळंतपणाची वेळ तोंडपाठ असू द्या.

तिसरी पायरी : लघवी, टाके, पॅड

सहा तासांत लघवी झालीच पाहिजे. टाक्यांच्या आगीला घाबरून बाया पाणीच पीत नाहीत. लघवी करताना तांब्याने कोमट पाणी वरून सोडत राहायला सांगा, आग कमी होते. धुताना आणि पुसताना हात पुढून मागे. हे तोंडी सांगून कळत नाही. संडासात सोबत जा आणि एकदा हाताने दाखवा.

खालचे हे टाके आपोआप विरघळतात, काढावे लागत नाहीत, हेही सांगा. कित्येकजणी "टाके काढताना दुखेल" म्हणून तपासणीला येतच नाहीत. टाक्यांवर हळद, राख, तेल काही नको. स्वच्छ आणि कोरडं ठेवायचं.

आता पॅड. सरकारी दवाखान्यातल्या सगळ्याच बाया दुकानातून पॅड आणत नाहीत. जुन्या सुती साडीचं किंवा धोतराचं फडकं वापरणारीला नावं ठेवू नका. ते फडकं नीट कसं वापरायचं ते सांगा. साबणाने धुवायचं, कडक उन्हात उघड्यावर वाळवायचं. अडचण इथे असते. सगळ्यांच्या नजरेपासून लपवायचं म्हणून फडकं न्हाणीघराच्या आडोशाला, दुसऱ्या कपड्याखाली, ओलसर अंधारात वाळतं आणि त्यातूनच खाज, जंतुसंसर्ग सुरू होतो. मी सासूला किंवा आईला समोर बसवून सांगते, "मावशी, हिची फडकी तुम्ही तुमच्या हातांनी उन्हात टाका. वरून पातळ ओढणी टाकली तरी चालेल, पण ऊन लागलं पाहिजे." वडीलधारी बाई तयार झाली की लाजेचं ओझं सुनेवर राहत नाही.

स्रावाचा रंग सांगून ठेवा : पहिले तीन-चार दिवस लाल, मग आठवडाभर तपकिरी-गुलाबी, पुढे पिवळट-पांढरा, एकूण चार ते सहा आठवडे. कमी झालेलं लाल पुन्हा जोरात सुरू झालं, तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, लिंबाएवढ्या गाठी पडल्या किंवा घाण वास आला, तर त्याच दिवशी दवाखाना. माझ्या त्या बाईमुळे मी वासाबद्दल वेगळं सांगते : "बाळंतिणीचा वास रक्तासारखा असतो. सडल्यासारखा वास आला तर तो बाळंतपणाचा नाही, आजाराचा."

चौथी पायरी : पान्हा

पहिल्या तासात बाळ छातीशी. पहिल्या दिवशीचं पिवळट घट्ट दूध, चीक, "जड पडतं" म्हणून पिळून टाकण्याची रीत अजून काही घरांत आहे. चिकाला मी "बाळाचा पहिला डोस" म्हणते. लसीचं महत्त्व सगळ्यांना पटलेलं आहे, त्या वाटेने हे लवकर पटतं.

"मला दूधच येत नाही" ही तक्रार दर खाटेवर ऐकाल. लगेच दूध पावडरचा डबा लिहून देऊ नका. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात चमचाभरच मावतं, आणि चीक तेवढाच येतो. भरपूर पान्हा साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुटतो. आधी पाजताना बघा : बाळाचं तोंड मोठं उघडलंय का, फक्त बोंडी न धरता काळा भागही तोंडात घेतलाय का, हनुवटी छातीला टेकलीय का. बोंडीला चिरा पडल्या असतील तर दहापैकी नऊ वेळा बाळ चुकीचं धरलं जातंय. पुढे घरी ओळखायचं कसं? पाचव्या दिवसानंतर बाळाला दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल तर दूध पुरतंय. ही खूण सासूबाईंनाही सांगा, कारण "दूध कमी पडतंय" हा निर्णय बहुधा त्याच देतात. सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, मध नाही, घुटी नाही.

छाती दगडासारखी होऊन ताप आला तर पाजणं थांबवायचं नाही. त्याच बाजूने जास्त वेळा पाजायचं आणि दाखवायला यायचं.

सिझरच्या बाईला कुशीवर झोपून किंवा बाळाला काखेखाली धरून पाजायला शिकवा, म्हणजे पोटाच्या टाक्यांवर भार येत नाही. तिला लवकर उठवून चालवा. पायात गुठळी होण्याचा धोका तिला जास्त असतो. एका पोटरीला सूज आली, दुखू लागली तर लगेच सांगायला सांगा.

पाचवी पायरी : घरच्या रीती

नव्या सिस्टरची सगळ्यात जास्त गडबड इथे होते. पुस्तकात वाचलेलं डोक्यात ताजं असतं, त्यामुळे घरचं सगळं चूक वाटतं. तसं म्हटलं की आजी मान डोलावते आणि घरी जाऊन आपल्या मनाचंच करते.

आधी विचारा : "मावशी, तुमच्याकडे बाळंतिणीला काय-काय करतात?" आणि ऐका. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, खसखस, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, जेवणानंतर बाळंतशोपा. यातलं बहुतेक चांगलंच आहे, अळिवात लोह भरपूर असतं. ते मनापासून चांगलं म्हणा. मग ज्या तीन-चार गोष्टींनी खरंच इजा होते, तेवढ्यांवरच बोला.

पहिली गोष्ट पाणी. "बाळंतिणीने पाणी प्यायलं तर पोट सुटतं, बाळाला सर्दी होते" म्हणून पाणी तोडतात. पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते. पाणी कमी पडलं तर लघवीला जळजळ आणि बद्धकोष्ठ होतो, त्यात टाके असले की हाल बघवत नाहीत. कोमट पाणी, शोपेचं पाणी, वरणाचं पाणी, पेज असं काहीही चालेल, पण प्रत्येक वेळी पाजायला बसताना एक पेला बाजूला असलाच पाहिजे.

दुसरी शेगडी. शेक घ्यायला हरकत नाही. बंद खोलीत, दारं-खिडक्या लावून, खाटेखाली निखारे ठेवणं मात्र जिवावर बेतू शकतं. त्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. आई-बाळ झोपेतच बेशुद्ध होतात. "शेक द्या, पण खिडकी उघडी ठेवा आणि झोपताना शेगडी बाहेर काढा," एवढं म्हटलं की ऐकतात.

तिसरी, पथ्याच्या नावाखाली अर्धपोटी ठेवणं. काही घरांत डाळ, फळं, भाजी बंद. चौथी, पोट करकचून बांधणं. हलका पट्टा सोसेल तर ठीक, श्वास अडकेल इतका नाही.

सहावी पायरी : रक्तवाढीच्या गोळ्या

लोह आणि फॉलिक ॲसिडची रोज एक गोळी, १८० दिवस. त्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, सहा महिने. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही, म्हणून मी वेळ जेवणाला बांधून देते : दोन्ही जेवणांसोबत कॅल्शियम, रात्री झोपताना लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर. चहा त्याच्या आसपास नको.

संडास काळी होते, हे आधीच सांगा. न सांगता गोळ्या दिल्या तर दोन दिवसांत बाई घाबरते आणि पाकीट फळीवर जातं. मळमळ झाली तर गोळी बंद न करता थोडं काही खाऊन घ्यायची. सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळत नाहीत, तेव्हा पुढच्या कुठे मिळतील ते उपकेंद्राच्या नावासकट सांगा.

सातवी पायरी : पुढचं मूल कधी, आणि हवं का

हे बोलणं पडदा ओढून, बाई एकटी असताना. नवरा आणि सासू यांच्याशी नंतर, तिने हो म्हटलं तर.

कळा चालू असताना तांबीसाठी, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून पिशवीत बसवतात त्या कॉपर-टीसाठी, अंगठा किंवा सही घेऊ नका. माझं याबाबत ठाम मत आहे. कळांत असलेली बाई कशालाही हो म्हणते. तो होकार धरायचा नसतो. हे बोलणं गरोदरपणातच व्हायला हवं. राहून गेलं असेल तर बाळंतपणानंतर, ती जेवून-झोपून ताजी झाल्यावर. तांबी वार पडल्यानंतर दहा मिनिटांत किंवा ४८ तासांच्या आत बसवता येते. ती वेळ हुकली तर सहा आठवड्यांनी. कॉपर-टी ३८०-ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं. "तांबी छातीत चढते" ही भीती सर्रास असते. एक खरी तांबी आणि पिशवीचं चित्र जवळ ठेवा. हातात दिली की बाई स्वतःच म्हणते, "एवढीशीच?"

'छाया' ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली. तिच्यात हार्मोन नाही आणि पाजणाऱ्या आईला लगेच चालते : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. 'अंतरा' इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, पण पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर. त्याने पाळी अनियमित होते, कधी बंद होते. ते "रक्त आत साठत नाही" या शब्दांत आधीच समजावलं नाही, तर दुसऱ्या डोसला बाई येत नाही. माला-एन सारख्या गोळ्या सहा महिने पाजणाऱ्या आईला नकोत, दूध कमी होऊ शकतं. मुलं पुरेशी झाली असतील तर तिचं ऑपरेशन सात दिवसांच्या आत होऊ शकतं. नवऱ्याची बिनटाक्याची नसबंदी त्याहून कितीतरी सोपी आहे, हे त्याच्या तोंडावर सांगायला संकोच करू नका.

एक गैरसमज मात्र प्रत्येकीचा दूर करा : पाळी आली नाही म्हणजे दिवस राहत नाहीत, असं नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचं, दिवस-रात्र पिणारं आणि पाळी आलेली नाही, या सगळ्या अटी पाळल्या तरच संरक्षण मिळतं. एक अट मोडली की साधन हवं.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांसाठी इथे थोडं थांबा. दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते ती उन्हाळ्यातच परत येते. सहा आठवड्यांची तपासणी त्यांच्या नशिबात नसते. बीड जिल्ह्यात ऊसतोड मजूर बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये पुढे आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली आणि पाहणीत १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, पाळीत कामाला खाडा होतो, एवढ्यावर "पिशवी काढा म्हणजे कटकट मिटेल" हा सल्ला त्यांना मिळत होता. म्हणून पीएनसी वॉर्डातच सांगून ठेवा : पांढरं जाणं बहुतेक वेळा औषधाने बरं होतं, कोणी पिशवी काढायला सांगितलं तर आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. तिला कुठल्या कारखान्यावर जायचंय ते विचारा आणि जवळचं आरोग्य केंद्र कार्डावर लिहून द्या.

आठवी पायरी : मन

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, चिडचिड होणं हे बऱ्याचजणींना होतं आणि आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही मन खचलेलं, झोप नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, मरणाचे विचार येतात, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. 'टेली-मानस' या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर कार्डाच्या मागे लिहा.

दुसरी-तिसरी मुलगी झालेल्या बाईची खाट ओळखायला येते. डबा उशिरा येतो, कधी येतच नाही. बाई भिंतीकडे तोंड करून झोपते. तिथे जास्त वेळा जा. बाळाला उचलून घ्या, तिच्यासमोर कौतुक करा. नवरा आला की मुलगा-मुलगी ठरवणारं बीज पुरुषाकडून येतं, हे त्याला शांतपणे, इतर कोणी नसताना सांगा.

नववी पायरी : घरी सोडताना

नैसर्गिक बाळंतपणानंतर ४८ तास ठेवायचंच. "घरी म्हशी आहेत" म्हणून लवकर सोडायचा आग्रह होतो. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात, म्हणजे २०११ पासून, जेवण, औषधं आणि घरी सोडायला गाडी फुकट आहे, हे लक्षात आणून द्या. कित्येकजण खर्चाच्या भीतीनेच घाई करतात.

दोन दिवस तुम्ही खाटेजवळ बोलत आला असाल, तर आता नवीन काही सांगायचं नाही, फक्त तिच्याकडून ऐकायचं. "कळलं का?" विचारू नका, त्याला एकच उत्तर असतं. असं विचारा : "ताई, घरी गेल्यावर शेजारणीने विचारलं, सिस्टरने कशा-कशासाठी लगेच यायला सांगितलंय, तर काय सांगाल?" आणि गप्प बसा. तिच्या उत्तरात यायला हव्यात या गोष्टी : रक्त जास्त जाणं, १००.४ फॅरेनहाइटच्या वर ताप, घाण वास, डोकं फुटेल असं दुखणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी, झटका, दम लागणं, पोटरीला सूज. डोकेदुखी बहुतेकजणी विसरतात, कारण बीपी फक्त गरोदरपणात वाढतं असं त्यांना वाटतं. झटके बाळंतपणानंतरही येतात. राहिलेलं पुन्हा सांगा, पुन्हा विचारा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायका तपासल्या, तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि आधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बायका आपणहून येत नाहीत, आपल्याला त्यांच्या दारी जावं लागतं. त्याच गडचिरोलीतल्या घरोघरच्या नवजात बालसेवेचं काम आज आशाताई देशभर करतात. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. तेव्हा डिस्चार्जच्याच दिवशी आशाताईंना फोन लावा, जे जोखमीचं असेल ते सांगा आणि बाईशी दोन शब्द बोलायला द्या. पहिलं बाळंतपण असेल तर बाई माहेरी जाते, मग आशाताई माहेरच्या गावची हवी. हे विचारायचं राहून जातं आणि तिसऱ्या दिवशी सासरच्या आशाताई रिकाम्या घरी जाऊन परत येतात.

१०२ ची गाडी दारात हॉर्न वाजवत असेल. वाजू द्या. बाईला आत घेऊन पडद्याआड पॅड शेवटचं एकदा बघा, नाडी मोजा, पिशवीवर तिचाच हात ठेवायला सांगा. घट्ट लागली म्हणाली की मग बाळ तिच्या हातात द्या.